हिरव्या दोऱ्याची शिवण

१

तुटलेला पट्टा सोसायटीच्या खोलीतून नाहीसा झालाय, हे मला बुधवारी सकाळी नळावर कळलं. बादली तशीच ठेवून मी पहिल्यांदा मागे वळले आणि आमच्या ओसरीकडे पाहिलं. रिंकी सासूबाईंच्या मांडीवर होती. मग पुढचा विचार केला. माझं असंच आहे. कुठलीही बातमी आली की आधी लेक मोजून घ्यायची. एकच आहे, तरी मोजते.

आदल्या दिवशी पुनाराम काका बेहड्याच्या झाडावरून पडले होते.

आमच्या गावची मध सोसायटी देवरीच्या जंगलात आग्या मोहोळाचा मध काढते. झाडावर चढायला एका संस्थेने दिलेले दोनच पट्टे आहेत. कमरेला बांधायचा रुंद नायलॉनचा पट्टा आणि त्याला जोडलेली लांब वादी. वादी खोडाभोवती फिरवून कडीत अडकवायची, मागे रेलायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मंगळवारी काका या मोसमातल्या पहिल्या मोठ्या झाडावर चढले, रेलले, आणि वादी तुटली. अजून माश्या हाकलायची मशालही पेटवली नव्हती. वीस फुटांवरून खाली आले. कंबर मोडली, जीव राहिला.

एक पट्टा काकांच्या घरी असायचा, दुसरा माझ्या नवऱ्याकडे, दुर्गेशकडे. खरं तर मंगळवारी काकांबरोबर दुर्गेशच जायचा. पण रिंकीला ताप होता, म्हणून मी त्याला अडवलं आणि औषधाला देवरीला पाठवलं. त्याच्याऐवजी सोसायटीतलाच शालीकराम गेला, आमच्या घरून पट्टा घेऊन. संध्याकाळी त्याने तो परत आणून ओसरीवरच्या खुंटीला अडकवला आणि चहाही न घेता निघून गेला.

गावाचा निकाल तासाभरात लागला होता. बेहड्याच्या सालीने दोन्ही पट्ट्यांच्या वाद्या एकेका जागी विरल्या होत्या. फेब्रुवारीत सोसायटीने त्या गोंदियाला, कुडव्याच्या नत्थूलालकडून शिवून आणल्या. तो ट्रॅक्टरचे हूड शिवतो. विरलेल्या जागी त्याने दुसरा थर लावून हिरव्या दोऱ्याने शिवलं होतं.

"शिवलेल्या पट्ट्यावर माणूस चढवते का कोणी?" नळावरची प्रत्येक बाई हेच म्हणत होती.

मी घरी आले. दुर्गेश रिंकीला कडेवर घेऊन खुंटीपाशी उभा होता.

"शुक्रवारी बेहड्यावर तुम्हीच चढणार?"

"नऊ पोळे राहिले ना वर. मी नाई तर कोण?"

"या पट्ट्यावर? हाही त्याच माणसाने शिवलाय. दोरासुद्धा तोच."

"हा पट्टा बराबर हाये."

"कशावरून?"

"हाये म्हणलं ना, संध्या."

मला ते शांतपण खुपलं. हा माणूस रिंकीच्या झोळीची गाठ रोज तीनदा ओढून पाहतो. आणि काल देवरीहून आल्या आल्या त्याच्या डोळ्यांदेखत काकांना खाटेवर घालून नेलं, तरी आज हा म्हणतो, बराबर हाये.

रिंकीने खुंटीवरच्या वादीचं टोक धरून ओढलं. तिचा तळवा काळा झाला. गालावरची काजळाची तीट फिसकटली असेल म्हणून मी ओढणीने पुसून टाकला.

शालीकरामने गावाच्या ग्रुपवर तुटलेल्या पट्ट्याचा फोटो टाकला होता. मी तो मोठा केला. हिरवी शिवण सरळ, धड दिसत होती. वादी तुटली होती ती शिवणीपासून चार बोटं पुढे. वादीच्या टोकाच्या रबरी टोपीवर चार बारीक खड्डे होते. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'उंदीर.'

मी बी.एस्सी. झालेय. शिवण धड असेल तर शिवणीला दोष कसा, एवढं मला कळतं. पण फोटोला हात लावून पाहता येत नाही. आणि ज्याला हात लावायचा ती वस्तूच कोणीतरी उचलून नेली होती.

शुक्रवारला दोन दिवस होते.

२

हेमेंद्र सोसायटीचा सचिव. घरची धानाची शेती, गावात सगळ्यात मोठं अंगण, बोलणं नेहमी कागदावरून वाचल्यासारखं.

"खोलीला कुलूप होतं ना?" सोसायटीच्या खोलीत शिरत मी विचारलं.

"होतं की, वहिनी."

"आणि किल्ली?"

त्याने दाराच्या वर पाहिलं. किल्ली चौकटीवर असते, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे.

"ज्याचं पाप उघडं पडणार होतं त्यानंच नेलं," तो म्हणाला. "नत्थूलालवर तक्रार टाईप करून ठेवली मी. उद्या पाठवतो."

"नत्थूलाल सत्तर किलोमीटरवरून आला, तुमच्या चौकटीवर हात फिरवला, पट्टा घेतला आणि गेला? कुत्रं भुंकलं नाही?"

"तुम्ही शिकलेल्या बायका लय प्रश्न विचारता."

बोलता बोलता त्याने टेबलावरच्या खोक्यावर फाईल ठेवली. घाई फार होती त्या ठेवण्यात. पट्टे ज्यातून आले तेच ते खोकं. मी फाईल उचलली. तो "अरे, अरे" म्हणेपर्यंत आतला घडीचा कागद माझ्या हातात होता.

मजकूर बारीक होता, पण खाली चित्रं होती. सुई-दोरा, त्यावर लाल फुली. पेटती ज्योत, त्यावर फुली. डब्यातून पडणारे थेंब, त्यावरही फुली.

माझी नजर पहिल्या चित्रावर खिळली. "शिवायचं नाही, असं स्पष्ट आहे."

हेमेंद्रचा आवाज एकदम खाली आला. "मी वाचलं होतं, वहिनी. संस्थेला चारदा फोन केला. नवे येतील, येतील, म्हणे. मोसम तोंडावर आला. मी म्हटलं, शिवून घेऊ. गावात सांगू नका. काकांच्या पोरांसमोर मला उभं राहावं लागते."

म्हणजे पट्टा नाहीसा होण्यात याचाही फायदा होता. पण हा तक्रार पाठवायला निघालेला माणूस. पुरावा हरवला तर याचीच तक्रार लुळी पडते.

"तक्रार एक दिवस थांबवा," मी म्हणाले.

"आणि तोवर?"

"तोवर मी गोंदियाला जाऊन येते."

३

बस हायवेवरून जात होती. रिंकी खिडकीच्या गजाला तोंड लावत होती आणि मी दर वेळी तिचं डोकं मागे घेत होते. दात येताहेत तिला. जे दिसेल ते चावायचं.

गोंदियाच्या दवाखान्यात काका डोळे मिटून पडले होते. कमरेला डॉक्टरांनी घातलेला जाड पट्टा होता. काकू उशाशी बसल्या होत्या.

"काका, मी संध्या. दुर्गेशची."

त्यांनी डोळे उघडले. "तंग होता," ते म्हणाले. "पट्टा लय तंग होता."

"कालपासून एवढंच बोलून राहिले," काकू म्हणाल्या. "म्या नर्सबाईले सांगतलं, ढिला करा म्हणून. नाई म्हणे, तसाच लागते."

मला वाईट वाटलं. मी त्यांच्या पायावर हात ठेवला आणि निघाले.

कुडव्यात नत्थूलालच्या दुकानासमोर ट्रॅक्टरचे दोन हूड आणि शाळेच्या दप्तरांची रास पडली होती. माणूस साठीचा. चष्म्याची एक काडी हिरव्या दोऱ्याने बांधलेली.

"बेटा, लोक काय म्हणतात ते आलं माझ्या कानावर," मी नाव सांगताच तो म्हणाला. "मैं कहाँ भागूँगा? चाळीस साल से यहीं बैठा हूँ."

त्याने एक उरलेला तुकडा घेतला, त्यावर मशीनने चार ओळी मारल्या, एक टोक पायाखाली धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "खींचो."

रिंकीला टेबलावर बसवून मी सगळा जोर लावला. शिवण हलली नाही.

मग मी फोटो दाखवला. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला.

"सिलाई पाहा. एक टाका नाही उसवला. पण इथे, जिथे तुटलं, तिथे काठ पाहा. चमकते. चांगला पट्टा मऊ राहते, कसाही मोडा, आवाज नाही करणार. हा तर पापड झाला."

"कशाने?"

"आग. गरमी. मागच्या साली एका पोराचं दप्तर आलं, पट्टी सायलेन्सरले लागून राहायची. बिलकुल असंच. हात लावला तर तुकडा."

माझ्या डोळ्यांसमोर शालीकरामची मोटरसायकल आली. मंगळवारी आमच्या घरचा पट्टा घेऊन तीवरूनच तो गेला होता. काकांनाही त्यांच्या पट्ट्यासकट झाडापर्यंत त्यानेच नेलं होतं.

"मग तुम्ही शिवलेल्या दुसऱ्या पट्ट्यावर माझ्या माणसाने चढावं की नाही?"

तो मशीनच्या चाकावर हात ठेवून बसला.

"सिलाईची गॅरंटी मी देतो. लेकिन पट्टा माझ्याकडे यायच्या आधी कुठे होता, गेल्यावर कुठे राहिला, ते मी कसं सांगू? ते तुमचं तुम्हाला माहीत पाहिजे." मग त्याला काही आठवलं. "तुझा आदमी दुबला आहे ना? त्याचा पट्टा मी कमरेत चार बोटं कापून लहान केला होता. दुसरा होता तसाच ठेवला."

परतीच्या बसमध्ये मी रिंकीला घट्ट धरून बसले. ती रडली, तेव्हा कळलं की जरा जास्तच घट्ट धरलंय.

४

गुरुवारी सकाळी दुर्गेश शुक्रवारची तयारी करत होता. चढताना झाडात ठोकायच्या बांबूच्या खुंट्या तासत होता, मधाचे डबे घासत होता. मी त्याला नत्थूलालचं बोलणं सांगितलं. उष्णतेने पट्टा पापड होतो, हे ऐकताना त्याचा कोयता एकदा थांबला. फक्त एकदा.

"म्हणजे शिवणीचा दोष नाई," तो म्हणाला. "मंग झालं तर."

"झालं कसं? पट्टा भाजला कोणी?"

"तुले कायले पाहिजे एवढं? काका वाचले ना."

त्याने खुंट्या खांद्यावर टाकल्या आणि निघून गेला. माझ्याशी भांडायचं सोडून निघून गेला, हेच मला जड वाटत राहिलं.

मी ओसरीवर बसून पुन्हा तो फोटो उघडला. रिंकी माझ्या मांडीवर चढली आणि फोनच्या रबरी कव्हरचा कोपरा तोंडात घातला.

"छी! टाक!"

तिने टाकलं नाही. मी तिच्या तोंडातून कोपरा ओढून काढला, पुसला, आणि माझा हात तिथेच राहिला.

कव्हरवर चार खड्डे उमटले होते. खाली दोन, चिकटून. वर दोन, मध्ये फट ठेवून.

फोन माझ्या हातात होता. पडद्यावर तुटलेल्या पट्ट्याची रबरी टोपी होती. खाली दोन, चिकटून. वर दोन, मध्ये फट.

उंदराच्या वरच्या दातांत अशी फट नसते. आणि रिंकी कधीही काकांच्या घरी गेलेली नव्हती. तिकडची कोंबडी टोचते म्हणून मीच तिला पाठवत नव्हते.

काका ज्या पट्ट्यावरून पडले, तो आमच्या घरातला होता.

५

शालीकराम घरासमोर मोटरसायकल उलटीसुलटी करून बसला होता. आडवा माणूस, पोट पुढे, हसणं त्याहून पुढे.

"या वहिनी! गाडी घ्याची का? सस्त्यात देतो."

"मंगळवारी पट्टा गाडीला कुठं बांधला होता? सायलेन्सरवर?"

"आमच्या गाडीले सायलेन्सर हाये कोठं? आवाज ऐकत नाई का तुम्ही?" तो हसला. "गळ्यात घातला होता, बैलाच्या घुंगरावानी. विचारा कोणालेबी."

मी फोन त्याच्यासमोर धरला. फोटो दाखवला, मग कव्हरचा कोपरा दाखवला.

त्याचं हसणं गेलं. तो पाना खाली ठेवून मातीत बसला.

"वहिनी, देवाशपथ, म्या मुद्दाम नाई केलं."

"काय नाही केलं?"

"दुर्गेशचा पट्टा माह्या पोटावर बसेचना. शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी नाई. काका हसले. म्हणे, आण इकडं, तू पहिल्यांदा पट्टा घालून राहिला, तू माहा घे, तो ढिला हाये. माह्या अंगाले तुहा बसते. म्हणून अदलाबदल केली. आन् काका चढले." त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "तो माह्यासाठी आणलेला पट्टा होता. मी चढलो असतो त मी पडलो असतो. लोक म्हणतीन, म्हाताऱ्याले खराब पट्टा देल्ला. म्हणून बोललो नाई."

पट्टा लय तंग होता. काका दवाखान्याच्या पट्ट्याबद्दल बोलतच नव्हते. मला सांगत होते. मी त्यांच्या पायावर हात ठेवून निघून आले होते.

"आणि तुटलेला पट्टा? तो तू उचललास?"

"मी कायले उचलू? मले त त्याच्याकडं पाहवतबी नाई."

मी उठले. दोन पावलं गेले आणि थांबले.

"शालीक भाऊ, मंगळवारी आमच्या घरून पट्टा तुला कोणी दिला? मी तर आत होते, रिंकीजवळ."

"मंगली काकीनं, तुमच्या सासूनं. काठीनं वरून काढून देल्ला."

"वरून? कुठून?"

"तुमच्या सैपाकाच्या खोलीतून."

६

सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. चुलीवर हंडा होता, रिंकीच्या आंघोळीचं पाणी. आमच्याकडे गॅस आहे, पण लेकराची आंघोळ चुलीच्या पाण्याने, सकाळ-संध्याकाळ, हंडा भरून. हा नियम सासूबाईंचा, आणि मोठा जाळ करून पाणी खळाखळा उकळलंच पाहिजे, हा माझा.

मी वर पाहिलं. या घरात येऊन मला तीन वर्षं झाली. या चुलीपुढे मी रोज बसते. वर कधी पाहिलं नव्हतं.

चुलीच्या बरोबर वर, आढ्याखाली, आडवा बांबू बांधलेला होता. त्यावर मक्याची बियाण्याची कणसं, टोपल्या, आणि माहुलीच्या वेलीच्या सालीचा जाड काळा दोर. सासऱ्यांचा मधाचा दोर. ते जाऊन सहा वर्षं झाली. दोराशेजारी एक आकडा रिकामा होता.

"आई, आपला पट्टा इथं टांगला होता?"

"मंग कोठं?" त्या म्हणाल्या. "तूच त म्हणली, खाली ठेवू नका, पोरगी तोंडात घालते, वर टांगा."

म्हणाले होते. होळीच्या सुमाराला. रिंकीला वरचे दोन दात आले तेव्हा.

"पण चुलीवर?"

"चढाचा दोर धुरातच ठेवाव लागते, पोरी. कीड नाई लागत, ओल नाई धरत. तुह्या सासऱ्याचा दोर तीस वरसं ह्याच जागी होता. तुटला का कधी?"

त्या खरं बोलत होत्या. सालीचा दोर धुराने पक्का होतो. आणि नायलॉन? मी रसायनशास्त्र घेऊन पदवी केलेली बाई. पेटत्या ज्योतीवर फुली मारलेलं चित्र माझ्या हातात होतं, आणि मी सुई-दोराच पाहत बसले होते. तीन महिने, दिवसातून दोनदा, वादीचा लोंबता भाग जाळावर. जाळ कोणी घातला? मी. का घातला? लेकराच्या पाण्यात जंतू राहू नयेत म्हणून.

"काऊन विचारून राहिली?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "त्या पट्ट्याले काही झालं का? पुनाराम त त्याच्या पट्ट्यावरून पडला ना?"

"आई, तू गप राय," दारातून दुर्गेश म्हणाला.

तो कधी आला ते कळलं नाही. मी त्याच्याकडे वळले.

"पट्टा तुम्ही नेलात."

त्याने धानाच्या कोठीचं झाकण काढलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि दोन तुकडे ओढून काढले. हिरवी शिवण धडधाकट होती. तुटलेल्या टोकांवर भाताचं तूस चिकटलं होतं.

"काकाले उचललं तेव्हाच वास आला," तो म्हणाला. "आपल्या सैपाकाचा वास. मी ओळखत नाई का? म्हणलं, आई मरेपर्यंत सोताले खात बसन. आन् तू..." त्याने रिंकीकडे पाहिलं. "तू त पाणी तापवायचंबी सोडून देशीन."

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. रडण्याचा आवाज आला नाही, खांदे तेवढे हलत होते.

"आणि नत्थूलालवर तक्रार जाते, ते चाललं असतं तुम्हाला?"

"नाई. शुक्रवारचा मध उतरवला का सांगणारच होतो. मीच सांगणार होतो, माह्या हातून झालं म्हणून."

"म्हणून इतके शांत होतात? तुम्हाला ठाऊक होतं, खुंटीवरचा पट्टा आपला नाही, काकांचा आहे?"

"हां. तो आपल्या चुलीवर नव्हता. काका संस्थेच्या टरेनिंगले गेले होते, त्याईले सारं माहीत हाये. म्हणून म्हणलं, बराबर हाये."

कोडं सुटलं होतं. भाजलेला पट्टा आमचा, धड पट्टा काकांचा, शिवण निर्दोष. मी हेमेंद्रला फोन करून तक्रार फाडायला सांगितलं. संध्याकाळी रिंकीला मी गॅसवरच्या कोमट पाण्याने आंघोळ घातली.

तरी आतून काहीतरी ओढत होतं. सगळं जमलं होतं आणि काहीतरी उरलं होतं.

७

शुक्रवारी पहाटे दुर्गेश आणि शालीकराम निघून गेले तेव्हा मी रिंकीला पाजत होते. उजाडल्यावर ओसरीवर आले. खुंटी रिकामी होती. मागच्या भिंतीवर, मीच दिवाळीत मारलेल्या चुन्यावर, एक लांब काळा ओरखडा होता. वादीच्या रुंदीचा.

मी बोट फिरवलं. बोट काळं झालं. रिंकीचा तळवा झाला होता तसंच. काजळ नव्हतंच ते.

मशालीचा धूर? पण मंगळवारी मशाल पेटलीच नव्हती. शालीकराम चढलाही नव्हता. आणि आमच्या चुलीवर हा पट्टा कधी टांगलेला नव्हता.

"आई! काकांच्या घरी पट्टा कुठं असतो?"

सासूबाई सारवत होत्या. हात शेणात तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुनारामले दोर सांभाळाचं तुह्या सासऱ्यानंच शिकवलं," त्या म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या. "धाव, पोरी. रिंकीले मी घेतो."

लेक दुसऱ्याच्या हातात देऊन, मागे वळून न पाहता मी पहिल्यांदाच घराबाहेर पडले.

बेहडा गावापासून पाऊण कोस. मोहाच्या पानांवरून पाय घसरत होते, चपला वाटेतच राहिल्या. फोन लावला, जंगलात लागेना. झाड दिसलं तेव्हा दुर्गेश चौथ्या खुंटीवर होता. जाळीचा पोशाख, पाठीला डबा, वादी खोडाभोवती. अजून रेलला नव्हता. खाली शालीकराम आणि हेमेंद्र.

"रेलू नका!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "खोड धरा! धरून उतरा!"

"काय झालं? रिंकी—"

"रिंकी बरी आहे. आधी उतरा."

तो खोडाला मिठी मारून खाली आला. जाळीआड त्याचा चेहरा दिसत नव्हता. मी त्याच्या कडीतून वादी सोडवली, हिरव्या शिवणीच्या पुढे चार बोटांवर दोन्ही हातांनी धरली आणि दुमडली.

आवाज झाला. पळसाचं वाळलेलं पान मोडतं तेवढाच. दुमडीवर पांढरी रेघ उमटली आणि चुऱ्यासारखं काहीतरी माझ्या पायावर पडलं.

शालीकराम झाडाच्या मुळावर बसला. "मले घातला होता काकानं हा," तो पुटपुटला. "मले."

दुर्गेशने जाळी वर केली. वर नऊ पोळ्यांवर माश्यांची लाट उठत होती, बसत होती. तो वर पाहत राहिला, मग माझ्या अनवाणी पायांकडे.

"काकाले माहीत हाये म्हणलं मी," तो म्हणाला. "पाहिलं नव्हतं."

हेमेंद्र खाकरला. "एक करता येईल. तेवढा भाजलेला भाग कापून टाकू. नत्थूलालची शिवण पक्की आहे, हे तर आता सिद्धच झालं. तो नवा तुकडा लावून देईल. दोन दिवसांत—"

"मग कमरेचा भाग? तो किती भाजलाय, सांगाल?"



मी शालीकरामच्या कमरेची मध कापायची सुरी मागितली. वादी मुळावर ठेवून बोटभर अंतरावर कापत गेले. भाजलेली जागा एका दाबात तुटली. बाकीची दोन-तीन दाबांत. हिरव्या शिवणीशी मात्र सुरी अडली. तिथे मला गुडघा टेकून सगळा भार द्यावा लागला.

दुपारच्या बसने मी आणि सासूबाई गोंदियाला गेलो. रिंकी त्यांच्या मांडीवर. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "मी सांगतो त्याले." मी म्हणाले, "वर टांगा म्हणणारी मी होते, आई."

शेवटी दोघींनी एकदम सांगितलं, एकमेकींचं तोडत, काकूंच्या समोर. काकूंनी ऐकलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. आमच्या घरी आता त्या कधी येतील, मला ठाऊक नाही.

काका छताकडे पाहत होते.

"माहाबी चुलीवरच होता," ते म्हणाले. "शालीकले म्याच घातला." मग त्यांनी मान जराशी वळवली. "दुर्गेश चढला का?"

"चढला होता. उतरवला."

"आन् पट्टा?"

मी पिशवीतून एक तुकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. हिरव्या दोऱ्याचा, बोटभर. त्यांनी अंगठ्याने शिवण चाचपली, उलटी करून पाहिली, पुन्हा चाचपली.

"शिवलं मात्र चांगलं होतं," ते म्हणाले, आणि मूठ मिटली.